फुग्या : उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांमधील आंबवलेल्या गोड तळणाचा इतिहास

प्रस्तावना

उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाच्या खाद्यपदार्थांविषयी जे लेखन आढळते, त्यात 'पोर्तुगीज वारसा' हा शब्दप्रयोग इतक्या सहजतेने येतो की, त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. विंदालू, सोरपोतेल, पाव यांच्या जोडीला फुग्यांचेही नाव घेतले जाते आणि विषय तेथेच संपतो. फुग्या म्हणजे मैदा, अंडी, नारळाचे दूध, साखर व मीठ यांचे सैलसर पीठ आंबवून, त्याचे लिंबाएवढे गोळे मुठीतून पिळून तापलेल्या कढईत सोडून तळलेला, किंचित गोड चवीचा पदार्थ. तळताना तो चेंडूसारखा टम्म फुगतो. मुंबई, साष्टी, ठाणे आणि वसई या पट्ट्यातील मराठी मातृभाषा असलेल्या रोमन कॅथलिक घरांत लग्नकार्य, नाताळ आणि ईस्टर या प्रसंगी तो आवर्जून केला जातो. गावागणिक त्याचा उच्चार बदलतो. कोठे फुगिया, तर कोठे फुगे. या समाजातील मोठा वर्ग १८८७ पासून स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवू लागला. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी मुंबईत 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाली, तेव्हापासून हे नाव रूढ झाले.

फुग्यांचे पीठ व अंडी यांच्याकडे पाहिल्यास पदार्थ पोर्तुगीज वाटतो, हे खरे. परंतु हे पीठ फुगते कशाने, हा प्रश्न विचारला की इतिहासाची दिशा बदलते. परंपरेने ते फुगवणारे द्रव्य म्हणजे माडी. ती नारळाच्या झाडाची, भंडाऱ्याने उतरवलेली, त्याच गावातली. प्रस्तुत लेखात या द्रव्याच्या आधारे फुग्यांचा इतिहास पाहिला आहे. त्यावरून असे दिसते की, या स्वयंपाकघरावर लिस्बनच्या सत्तेपेक्षा, आणि त्या सत्तेच्या अस्तापेक्षाही, ताडामाडाविषयीच्या कायद्यांचा परिणाम अधिक खोल झाला.

पोर्तुगीज तळण आणि उत्तर फिरंगाण

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये केलेल्या तहाने वसई, साष्टी, मुंबई व आसपासची बेटे पोर्तुगीजांस मिळाली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेईपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, हा प्रदेश पोर्तुगीज अमलाखाली होता. मुंबई बेट मात्र १६६१ च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाकडे गेले व १६६५ मध्ये प्रत्यक्ष इंग्रजांच्या ताब्यात आले. या काळात उत्तर कोकणातील शेतकरी, कोळी, भंडारी, आगरी अशा अनेक जातींतील कुटुंबे ख्रिस्ती झाली. धर्म बदलला तरी भाषा मराठीच राहिली आणि शेतीही भाताचीच राहिली.

पोर्तुगालमध्ये आंबवलेल्या पिठाचे गोड तळण हा सणाचा प्रकार होता व आजही आहे. नाताळात 'फिल्योश', उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच्या मंगळवारी 'मालासादा', शिवाय 'सोन्यूश' असे त्याचे अनेक प्रकार आहेत. यामागे एक साधी घरगुती सोय होती. चाळीस दिवसांच्या उपवासात चरबी व अंडी वर्ज्य असत; तेव्हा घरातील साठा उपवासापूर्वीच संपवावा लागे आणि तळण हा तो संपवण्याचा सर्वात आनंदाचा मार्ग होता. युरोपात अन्यत्रही याच दिवसांत तळलेल्या गोड पदार्थांची चाल दिसते.

या तळणाची कल्पना मिशनऱ्यांबरोबर व पोर्तुगीज कुटुंबांबरोबर उत्तर कोकणात आली असावी, हे मान्य करण्यास हरकत नाही. मराठीत रुळलेले पाव, चावी, पगार, घमेले, तुरुंग हे शब्द आणि खुद्द 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीज संपर्काची साक्ष देतात. मात्र नेमके येथेच एक गोष्ट खटकते. ज्या भाषेने एवढे पोर्तुगीज शब्द निःसंकोच घेतले, तिने या पदार्थासाठी पोर्तुगीज नाव घेतले नाही. गोव्यात केळ्याच्या गोड भज्यांना 'फिलोस' म्हणतात व त्यात मूळ शब्द ओळखू येतो. वसई-साष्टीत मात्र 'फुगणे' या मराठी क्रियापदावरून नाव पडले.

या संदर्भात हवाई बेटांचे उदाहरण बोलके आहे. १८७८ मध्ये 'प्रिसिला' या जहाजातून मदैरा बेटावरील पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी होनोलुलूस पोहोचले. त्यांच्याबरोबर व त्यांच्यामागून अझोर्स बेटांवरून आलेल्यांबरोबर गेलेला मालासादा आजही तेथे त्याच नावाने, त्याच मंगळवारी खाल्ला जातो. तेथे पदार्थ नेणारी माणसे पोर्तुगीज होती, म्हणून नाव टिकले. उत्तर कोकणात पदार्थ करणाऱ्या बायका मराठी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पिठात जे घडताना पाहिले, त्यालाच नाव दिले. नाव टिकणे आणि नाव बदलणे यातला हा फरक केवळ भाषिक नाही. कर्तेपण कोणाचे, हे तो सांगतो.

आंबवणे आणि तळणे : देशी परंपरा

या बायकांना आंबवलेले पीठ ही गोष्ट नवी होती, असे समजण्याचेही कारण नाही. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथातील 'अन्नभोग' प्रकरणात वटक, धोसक, इडरिका यांसारखे पदार्थ वर्णिले आहेत. मैद्याचे पीठ आंबवून तळून पाकात टाकण्याचा जिलेबी हा प्रकार नावाने पश्चिम आशियाई असला तरी पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीच भारतात रुळला होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलेबीच्या इतिहासाचा मागोवा घेताना पंधराव्या शतकाच्या मध्यातील जिनसूर याच्या 'प्रियंकरनृपकथा' या जैन ग्रंथातील तिचा उल्लेख पुढे आणला. सतराव्या शतकातील रघुनाथ पंडिताच्या 'भोजनकुतूहल' या ग्रंथाकडेही त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून त्यांस येणारी किंचित आंबूस चव महाराष्ट्रातील कोणत्याही घराला परिचित आहे. खुद्द उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत तांदळाच्या पिठाची वाफवलेली सांदणे माडी घालून फुगवीत.

म्हणजे तांदूळ माडीने फुगतो हे ज्ञान घरात होते. गव्हाच्या मैद्यावर त्याचा प्रयोग करणे ही पुढची पायरी होती. आणि या पायरीवर जे पीठ आले ते मात्र बाहेरचे होते. उत्तर कोकण हा भाताचा प्रदेश. गहू येई तो घाटावरून अथवा गुजरातेतून. तो रोजचे अन्न कधीच नव्हता. फुग्या सणासमारंभाच्याच राहिल्या, यामागे धर्मपंचांगाइतकेच हे आर्थिक कारणही आहे.

चूल आणि भट्टी

पोर्तुगीजांकडून आलेल्या आंबवलेल्या गव्हाच्या दोन पदार्थांचे भवितव्य किती निराळे झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पावाला भट्टी लागते. भट्टी बांधण्यास जागा, जळण आणि रोजचे गिऱ्हाईक हवे. त्यामुळे पाव घराबाहेर गेला, पुरुषांच्या हाती गेला आणि धंदा झाला. गोव्यातील 'पदेर' आणि मुंबईतील पाववाला ही त्याची रूपे. फुग्यांना फक्त चूल, कढई आणि तेल लागते. ही तिन्ही साधने प्रत्येक घरी होती. तापलेले तेल येथे भट्टीचे काम करते. चहूबाजूंनी एकदम उष्णता लागून पीठ आतून वायूने व वाफेने फुगते आणि बाहेरून कवच धरते. भट्टी नसलेल्या घरास आंबवलेल्या गव्हाचा पदार्थ करण्याचा हाच एक मार्ग होता. म्हणूनच फुग्या बायकांच्या हाती राहिल्या आणि बाजारात त्या उशिरा व तुरळकच आल्या.

याच्याशी आणखी एक सामाजिक बाजू निगडित आहे. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा कोकणात सर्वत्र ऐकू येतात. त्यांची ऐतिहासिकता हा वेगळा विषय. पण पाव हा परधर्माचा पदार्थ मानला जाई, एवढे त्यांवरून निश्चित कळते. यात गव्हाचा दोष नव्हता, कारण पोळी सर्वांनाच चालत होती. दोष मानला गेला तो कोणी भिजवले, कशाने फुगवले आणि कोठे भाजले याचा. अंडे व माडी घातलेल्या फुग्या शेजारच्या सोवळ्या घरांत चालणे शक्यच नव्हते. एकाच गावात, एकाच बोलीत बोलणाऱ्या दोन घरांमधील सीमारेषा अशी पिठातून जात होती.

मराठीतील छापील पाकशास्त्राने ही सीमारेषा तशीच ठेवली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मध्ये आले. ही पुस्तके ज्या घरांतून निघाली, ती वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची नव्हती. या समाजातील शहरी कुटुंबे पुढे इंग्रजी शिक्षणाकडे वळली व त्यांच्या पाककृती छापल्या गेल्या त्याही मुख्यतः इंग्रजीत. त्यामुळे जो पदार्थ तीन-चार शतके मराठी बोलत केला गेला, त्याची कृती मराठी वाचकास इंग्रजीतून शोधावी लागते. मराठी खाद्येतिहासाच्या अभ्यासकांनी याची दखल घेणे अगत्याचे आहे.

करण्याची रीत

लग्नघरी फुग्यांचे काम एकटीचे नसे. मोठ्या काथवटीत किंवा पातेल्यात मैदा घेऊन त्यात मीठ, साखर, फेटलेली अंडी व थोडे तूप घालीत. मग नारळाचे पातळ दूध आणि माडी यांनी ते भिजवीत. हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल व भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट असावे लागते. ते हाताने उचलून आपटत मळतात. त्यामुळे पिठास तार येते व आत हवा कोंडली जाते. नंतर ते झाकून उबेच्या जागी ठेवतात. किती वेळ ठेवावे, हे घड्याळावर ठरत नसे. पावसाळी हवेत माडी संथ, चैत्र-वैशाखात चपळ. पीठ दुप्पट झाले, पृष्ठभागावर बुडबुडे दिसू लागले आणि आंबूस-गोड वास सुटला की कढई चढवायची.

खरे कौशल्य यापुढे लागते. डाव्या मुठीत पीठ घेऊन अंगठा व तर्जनी यांच्या फटीतून ते पिळून वर आणायचे आणि ओल्या उजव्या हाताने अलगद तोडून तेलात सोडायचे. पिठास शेपूट राहिले तर फुगी गोल होत नाही. तेल फार तापलेले असल्यास बाहेरून लगेच तांबूस होऊन आत कच्ची राहते, कारण पिठातील साखर व अंडे लवकर रंग धरतात. तेल थंड असल्यास ती तेल पिते. योग्य तापलेल्या तेलात फुगी क्षणात वर येते आणि खालची बाजू फुगून हलकी झाली की पुष्कळदा आपोआप पालटते. अनुभवी बायका झाऱ्याने तेल वरून उडवीत राहतात, त्यामुळे सर्व बाजू सारख्या होतात. उरतो तो पोकळसर, जाळीदार गर असलेला गोळा. तो सोरपोतेल किंवा इंद्याल यांच्या तिखट-आंबट रश्शाबरोबर खातात. साखर असूनही फुगी पक्वान्नाच्या ताटात न जाता मांसाच्या रश्शाशेजारी बसते. गोड पदार्थाच्या आपल्या नेहमीच्या वर्गीकरणात ती बसत नाही, ती यामुळे.

माडीचे कार्य रासायनिकदृष्ट्या सरळ आहे. नारळाच्या पोयीतून पाझरणाऱ्या ताज्या रसात, म्हणजे नीरेत, साधारण १२ ते १५ टक्के शर्करा असते. झाडावरील मडक्यातच हवेतील व भांड्यातील किण्वपेशी तिच्यावर काम करू लागतात आणि काही तासांत मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पिठात हाच वायू कोंडतो. माडीत किण्वपेशींबरोबर आम्ल निर्माण करणारे जिवाणूही असतात. फुग्यांना येणारी मंद आंबट चव त्यांची. लुई पाश्चरने किण्वन हे सजीवांचे कार्य असल्याचे १८५७ पासूनच्या संशोधनाने दाखवले, त्यापूर्वी कित्येक पिढ्या हे ज्ञान वसईच्या चुलीपाशी वापरात होते. फक्त त्याला सिद्धान्ताची जोड नव्हती.

माडीवरील कायदा आणि स्वयंपाकघर

माडीचा उल्लेख या प्रदेशाच्या संदर्भात जुना आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटाचा भाडेपट्टेदार होता. त्याने गोव्यात १५६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या औषधी वनस्पतींविषयीच्या संवादग्रंथात नारळाच्या झाडाचे व त्यापासून काढल्या जाणाऱ्या 'सुरे'चे वर्णन केले आहे. त्याने वापरलेला शब्द येथलाच आहे, हे विशेष.

१७३९ मध्ये वसई पडली तेव्हा पोर्तुगीज सरदार व पाद्री मोठ्या संख्येने निघून गेले. उत्तर फिरंगाणाचा लिस्बनशी असलेला राजकीय संबंध संपला. तरीही फुग्या राहिल्या, कारण त्यांना लिस्बनहून येणारे काहीच लागत नव्हते. कोंबड्या परसात होत्या, नारळ वाडीत होता, माडी भंडारी उतरवीत होता; मैदा बाजारातून आणावा लागे, तो पूर्वीही आणावाच लागे. 'पोर्तुगीज वारसा' ही संज्ञा अपुरी ठरते ती येथे.

मुंबई इलाख्याचा १८७८ चा आबकारी कायदा मात्र थेट झाडावर आला. ताडी-माडी काढण्यास परवाना आणि झाडामागे कर हे तत्त्व त्याने घट्ट केले. कोणत्या झाडास मडके लावावयाचे, हा आजवर वाडीचा मालक व भंडारी यांच्यातला व्यवहार होता. त्यात आता सरकार तिसरे आले. महसुलाच्या दृष्टीने माडी हे केवळ मद्य होते. तिचा एक वाटा पिठात, एक शिरक्यात व एक औषधात जातो, याची नोंद घेण्याची सोय करपद्धतीत नव्हती.

दुसरा आघात दुसऱ्या महायुद्धात झाला. १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि गव्हाचे पीठ मोजून मिळू लागले. पण हा आघात तात्पुरता होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे तसे नव्हते. माडी घरात बाळगणे हाच गुन्हा ठरला. या कायद्यातील काही तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा खटल्यात रद्द केल्या. त्यात मद्यार्क असलेल्या औषधी व प्रसाधनांचा विचार झाला. एक पातेले पीठ फुगवण्यासाठी लागणाऱ्या माडीची बाजू मांडणारे कोणी नव्हते. नीरेस उत्तेजन देण्याचे धोरण होते, परंतु नीरा म्हणजे न आंबलेला रस. स्वयंपाकघरास हवी होती ती नेमकी आंबलेली अवस्था.

याच काळात गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता व डिसेंबर १९६१ पर्यंत राहिला. तेथे हा कायदा लागू नव्हता, आणि पदेर माडीनेच पाव फुगवीत राहिले. एका विचित्र अर्थाने, गोव्यातील स्वयंपाकाची ही देशी बाजू परकीय सत्तेखाली टिकली आणि मुंबई राज्यातील तीच बाजू स्वराज्यातील कायद्याने मोडली. दारूबंदीमागील सामाजिक हेतू निर्विवाद होता, आणि मद्यपानामुळे उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांतील स्त्रियांचा तिला पाठिंबाही होता. परंतु त्याच स्त्रियांच्या हातचे एक साधन त्या कायद्याने काढून घेतले, हेही नोंदवले पाहिजे.

महाराष्ट्रात १९६० च्या दशकात दारूबंदीचे निर्बंध सैल झाले. पण तोपर्यंत यीस्टने घरात जागा घेतली होती. शिवाय माडाच्या शेंड्यावर दिवसातून दोनदा चढणारी पिढी गिरण्यांत, कारखान्यांत व कचेऱ्यांत गेली. साष्टीतील वाड्यांवर वसाहती उभ्या राहिल्या. वसईतही १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामांविरुद्ध हरित वसईचे आंदोलन उभे राहण्याइतकी परिस्थिती आली. माड कमी झाले, चढणारे त्याहून कमी झाले.

यीस्टने फुग्या उत्तम फुगतात. किंबहुना अधिक खात्रीने फुगतात. परंतु छापील कृतींतून बदल स्पष्ट दिसतो. माडी ही फुगवणारे द्रव्य तर होतीच, शिवाय पीठ भिजवणारे पाणी आणि काही अंशी साखरही तीच होती. तिच्या जागी चमचाभर कोरडे दाणे आल्यावर नारळाच्या दुधाचे प्रमाण वाढवावे लागले, यीस्ट जागे करण्यासाठी कोमट पाणी व साखर वेगळी घ्यावी लागली, आणि 'फुगेपर्यंत' या जुन्या मापाऐवजी तास लिहिले गेले. आंबट चव गेली, म्हणून गोडी अधिक जाणवू लागली. आज तिशी-चाळिशीतील ज्या गृहिणी फुग्या करतात, त्यांच्यापैकी बहुतेकींना त्या गोडसर पदार्थ म्हणूनच ठाऊक आहेत. त्यांच्या आजींच्या तोंडी असलेली चव आंबट-गोड होती.